साथीच्या काळात कर्मचाऱ्यांचं टेन्शन कमी व्हावं म्हणून मालकांनी काय करावं?

सगळ्यात आधी पगाराचं आणि सुट्टीचं क्लिअर सांगून टाका, तेही लेखी. 2021 च्या एप्रिलमध्ये आपल्या नागपुरात लोक कोरोनाच्या पेशंटसाठी बेड अन् रेमडेसिविर इंजेक्शन शोधत रात्र-रात्र फिरत होते, आणि त्यातच सुपरवायझरचा मेसेज यायचा, 'उद्या येणार का?' माणूस आजाराला भितोच, पण पगार कटेल, काम जाईल ही भीती त्याला झोपू देत नाही, मग तो ताप लपवून ड्युटीवर येतो आणि अख्खी शिफ्ट आजारी पडते.

दुसरं म्हणजे ईएसआयसी, पगारातून वर्गणी कापली जाते ती कामगारांची सरकारी विमा योजना. महिन्याचा पगार 21,000 पर्यंत असेल आणि वर्गणीचे दिवस पूर्ण भरले असतील तर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत साधारण 70 टक्के पगार मिळतो. पण हे कामगाराला सांगणार कोण? हिंगणा, बुटीबोरीच्या एमआयडीसीत एचआरने स्वतः लोकांजवळ बसून, मोबाईलवर त्यांचा ईएसआय नंबर चालू आहे का ते बघून द्यावं, नोटीस बोर्डवर कागद चिकटवून काही होत नाही हो.

ज्याच्या घरी कोणी अॅडमिट आहे त्याला टार्गेट नकोच, आणि त्याची चौकशी ग्रुपवर नाही, फोन करून करा. जे कामावर येऊन राहिले त्यांच्यावर गैरहजर लोकांचं सगळं काम टाकू नका, हे फार होतं, सरळ ऑर्डरची तारीख पुढे ढकला.

टेली मानस या मानसिक त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, 24 तास चालतो, मराठीत बोलता येतं, तो सगळ्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या.