मुलं स्वतः करून खातात, खर्च आवरत नाही

प्रश्न : १५ आणि १७ वर्षांची मुलं क्लासहून आल्यावर स्वतःच काहीतरी करून खातात. तेल, चीज, गॅस काहीच महिनाभर पुरत नाही. रागवावंसंही वाटत नाही. काय करावं?

उत्तर : रागवू नकाच, त्यांची ही सवय मोलाची आहे. सर्वांत जास्त गळती तळणात होते. मोठ्या कढईत अर्धा लिटर तेल ओततात आणि उरलेलं पुन्हा पुन्हा तापवतात. लहान, खोलगट कढई द्या, पाव लिटर पुरतं. उरलेलं तेल गाळून दोन-तीन दिवसांत फोडणीत संपवायचं. ताज्या तेलात मिसळलं तर तेही लवकर खवट होतं. मुलांच्या वाट्याचं आठवड्याचं तेल वेगळ्या बाटलीत काढून ठेवा.

गॅसची आच भांड्याच्या बुडाबाहेर जाऊ नये. पाणी झाकण ठेवून उकळावं.

संध्याकाळची भूक खरी असते. तयार काही नसलं की एकेकाला नूडल्सची दोन पाकिटं लागतात. म्हणून रविवारी तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद डाळ आणि अर्धा चमचा मेथ्या भिजवून, वाटून, आंबवून फ्रिजमध्ये ठेवा. तीन-चार दिवस डोसे, उत्तप्पे होतात. चीज मात्र मोजूनच आणा.