काचेवरची वाळू आणि अमेरिकेतली मास्तरकी

दादा म्हटलंस, म्हणून अगं-तुगंच करतो. ऐरोलीत स्टुडिओची नोकरी, रात्री घरी काचेवर वाळूचं अ‍ॅनिमेशन. एमएफए, म्हणजे कलेतली पदव्युत्तर पदवी, करून माझ्यासारखं अमेरिकेत विद्यापीठात शिकवता येईल का, असं विचारलंस. येईल, पण शोरीलच्या, म्हणजे स्टुडिओतल्या कामाच्या निवडक तुकड्यांच्या, जिवावर नाही.

शोरीलमध्ये दुसऱ्यांच्या पात्रांना तू चालवलंयस. प्रवेश देणाऱ्यांना तुझा हात बघायचा असतो. तू पाठवलेल्या क्लिपमध्ये खाडीतला फ्लेमिंगो पाय उचलतो, तेव्हा आधीच्या पायाची पुसट रेघ वाळूत राहते. वाळूत आधीचं चित्र मोडूनच पुढचं होतं, ते तिथे दिसतं. ती रेघ साफ करू नकोस. तीच फिल्म पूर्ण कर आणि पाठव.

कॅलिफोर्नियातल्या कॅलआर्ट्स या कलासंस्थेत प्रायोगिक अ‍ॅनिमेशनचा वेगळा विभाग आहे, ज्यूल्स एंगल यांनी सुरू केलेला. कॅनडा चालत असेल तर माँट्रियलचं कॉन्कॉर्डिया बघ. मात्र क्वेबेकमध्ये शिकायला प्रांताचं वेगळं मंजुरीपत्र लागतं, आणि राहायचं तर फ्रेंचला पर्याय नाही. कलाशाखेत शिकवायला सहसा एमएफए पुरते, पीएचडीच्या मागे लागू नकोस. फी माफ होईल का आणि स्वतंत्र वर्ग शिकवायला मिळेल का, हे आधीच विचार. पदवी ‘स्टेम’मध्ये, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या गटात, धरतात का, हेही. अमेरिकेत शिक्षणानंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, १२ महिने काम करता येतं. स्टेम असेल तर आणखी २४.

पुढचं खरं अवघड. बरेच जण तासिका तत्त्वावर अडकतात, आपल्याकडच्या सीएचबीसारखेच, आणि त्यावर व्हिसा मिळणं कठीण. टेन्युअर-ट्रॅकच्या, म्हणजे पुढे कायम होता येईल अशा जागांच्या, जाहिराती मुख्यतः हिवाळ्याआधी येतात. विद्यापीठांना एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी लागू नाही, तेवढाच दिलासा. कायम व्हायला साधारण सहा वर्षं लागतात, आणि तिथे शोधनिबंधांच्या जागी महोत्सवांत लागलेल्या फिल्म मोजतात.

म्हणजे फिल्म थांबवून चालत नाही, आणि सत्रात वेळ तर नसतो! मी १६ एमएमच्या पट्टीवर सुईने कोरतो. एका सेकंदाच्या २४ चौकटी वीतभरसुद्धा भरत नाहीत, तरी सत्रात तेवढंही होत नाही. काय ते उन्हाळ्यात.

ठाण्यात एखाद्या कॉलेजात शनिवारी वाळूची कार्यशाळा घे, पैसे नाही दिले तरी. मुलांची कामं त्यांना विचारून जपून ठेव. नोकरीच्या अर्जासोबत स्वतःच्या कामाबरोबर विद्यार्थ्यांचंही काम मागतात, आणि तिथे बऱ्याच जणांची पाटी कोरी असते.