थिनर गोडाउनच्या दारावर कार्ड रीडर बसवताय? आधी प्रमाणपत्राची सगळी पानं हातात घ्या

नमस्कार. तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. नाशिकच्या अंबडमधल्या तुमच्या कारखान्यात टोल्युइन (पटकन पेट घेणारं सॉल्व्हंट) आणि थिनरच्या ड्रमची खोली आहे, तिच्या दारावर कार्ड रीडर हवाय. सप्लायरने ‘झोन वनला (नेहमीच्या कामातही पेटणारी वाफ येऊ शकते अशा जागेला) चालतो’ म्हणत प्रमाणपत्राचं एक पान मेल केलंय. वायरमनचं म्हणणं, साधा रीडर फ्लेमप्रूफ (आत स्फोट झाला तरी ज्वाळा बाहेर न सोडणाऱ्या) बॉक्समध्ये घालू, निम्म्या पैशात काम होईल. दोघांपैकी कोणाचं ऐकू, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: आज तरी दोघांचंही नको.

आधीच सांगतो, मी इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस आहे. तुमची खोली झोन वन की टू (जिथे वाफ क्वचितच आणि थोडाच वेळ येते), हे मी इथे बसून ठरवू शकत नाही आणि सप्लायरनेही ठरवू नये. ते आयएस ५५७२ या भारतीय मानकाप्रमाणे केलेल्या एरिया क्लासिफिकेशनच्या (कुठे कुठला झोन ते दाखवणाऱ्या) ड्रॉइंगवर असतं. ते ड्रॉइंग नसेल तर रीडर राहू द्या, आधी ते करून घ्या. खाली लिहितोय तो माझा अनुभव आणि माझी मतं. सही करणारा सक्षम माणूस तुमच्याकडे वेगळा असणारच, शेवटचा शब्द त्याचा.

वायरमनच्या बॉक्सचं आधी संपवतो. ॲल्युमिनियमच्या बंद बॉक्समधून कार्ड वाचलंच जाणार नाही, धातू रीडरचं चुंबकीय क्षेत्र अडवतो. मग कोणीतरी काचेची खिडकी असलेला बॉक्स सुचवतं. काचेतून कार्ड वाचलं जाईलही, पण रिकाम्या बॉक्सच्या प्रमाणपत्राचा नंबर बघा. शेवटी ‘यू’ असेल तर तो नुसता सुटा भाग आहे. आत काय बसवलंय, ते किती तापतं, किती जागा व्यापतं, हे धरून पूर्ण वस्तूचं प्रमाणपत्र वेगळं घ्यावं लागतं. आपण आत रीडर स्क्रू केला आणि झाकण लावलं, की ती वस्तू कुठल्याच कागदात बसत नाही. तुमचा वायरमन कामाला चांगला असेल, त्याबद्दल शंका नाही. पण हा निर्णय पान्याने होत नाही.

आता सप्लायरचं एक पान. माझा मुद्दा हाच आहे, कारण आमचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच झालं.

सातपूरला आमच्याकडेही अशीच सॉल्व्हंटची खोली होती, दार पश्चिमेला. रीडर इन्ट्रिन्सिकली सेफ प्रकारचा (थोडक्यात ‘आयएस’, म्हणजे ठिणगी पडली तरी वाफ पेटणार नाही इतक्या कमी ऊर्जेचा) घ्यायचा ठरलं. पुरवठादाराच्या विभागीय कार्यालयातून प्रमाणपत्राचं पहिलं पान आलं. वर गॅस ग्रुप (कुठल्या वायूंना चालतो), टेम्परेचर क्लास (जास्तीत जास्त किती तापतो), सगळं हवं तसं. नंबरच्या शेवटी मात्र ‘एक्स’ होता. हा एक्स म्हणजे ‘वापराच्या विशेष अटी आहेत’, आणि त्या अटी पहिल्या पानावर नसतात, मागच्या पानांवर असतात. आमच्या इंजिनिअरने ती पानं रीतसर मागितली. उत्तर आलं, ‘ती टेक्निकल पानं आहेत, ग्राहकाला लागत नाहीत.’ पुन्हा मागितली तर म्हणे गोपनीय आहेत. मग मुख्य कार्यालयाकडे बोट. दर वेळी फोनवर नवा माणूस, आणि त्याला पहिल्यापासून सगळं सांगायचं. तोवर इकडे पर्चेसने पीओ (खरेदीची ऑर्डर) सोडला होता, माल आला, भिंतीवर चढलाही. ऑडिटच्या आधी सेफ्टी ऑफिसरने तीच पानं मागितली आणि काम जागच्या जागी थांबलं.

शेवटी पानं आम्हीच काढली. तो नंबर आयईसीईएक्सचा होता, म्हणजे धोक्याच्या जागेतल्या उपकरणांना प्रमाणपत्र देणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचा. त्यांची प्रमाणपत्रं त्यांच्या संकेतस्थळावर कोणालाही, फुकट, नंबर टाकून बघता येतात. म्हणजे ‘गोपनीय’ सांगितलेला कागद सगळ्या जगासाठी उघडा होता! त्यात स्पष्ट लिहिलं होतं: सभोवतालचं तापमान कमाल ४० अंश, रीडर ठरावीक मर्यादेतल्या बॅरियरवरच (झोनकडे जाणारी वीज मर्यादेत ठेवणारं उपकरण) जोडायचा, आणि पुढचा प्लॅस्टिकचा भाग कोरड्या फडक्याने घासायचा नाही, कारण त्यावर स्थिर वीज साठते.

४० अंश वाचलं आणि सगळे गप्प झाले. नाशिकची हवा थंड, असं बाहेरचे म्हणतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो हे आपल्याला माहीत आहे, आणि तो आकडा सावलीतला असतो. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी तीननंतर थेट ऊन, वर पत्र्याची पडवी. सभोवतालचं तापमान म्हणजे वेधशाळेचं तापमान नव्हे. वस्तू जिथे बसली आहे तिथली हवा, ऊन धरून. तुम्हीही नेमप्लेटवर ‘टी-ए’ (सभोवतालच्या तापमानाची मर्यादा) बघा. काहीच लिहिलं नसेल तर आयईसी ६००७९-० या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ती वस्तू उणे २० ते अधिक ४० एवढ्याच तापमानासाठी आहे. लिहिलेलं नाही म्हणजे कुठेही चालेल, असा अर्थ अजिबात नाही.

यावर एक जण हमखास म्हणतो (आमच्याकडेही म्हणाला) की टोल्युइन पेट घ्यायला ५०० अंशांच्या वर तापमान लागतं, टी-४ टेम्परेचर क्लासची वस्तू १३५ च्या पुढे जात नाही, मग भिंत दहा अंश जास्त तापली तर काय बिघडलं? हिशोब दिसायला बरोबर आहे. पण तो १३५ चा आकडाच ४० अंशांच्या हवेत धरलेला आहे. शिवाय प्रश्न नुसत्या पृष्ठभागाचा नाही. आतले सुरक्षेचे घटक, भरलेलं कंपाउंड, गॅस्केट, प्लॅस्टिक हे सगळं त्या मर्यादेपर्यंतच तपासलेलं असतं. मर्यादेबाहेर ती वस्तू सुरक्षित आहे असं कोणीच म्हटलेलं नाही, बनवणाऱ्यानेही नाही. मग आपण कशाच्या जोरावर म्हणायचं?

त्या कार्यालयाने मग ‘बसवलेला माल परत घेत नाही’ असं कळवलं. पानं न देणारे तेच, आणि बसवल्यावर हात वर करणारेही तेच. ६० अंशांपर्यंतचा दुसरा रीडर मागवावा लागला, त्याच्यासाठी बॅरियर बदलला, केबलचा मार्ग बदलला. मधल्या काळात दाराला कुलूप आणि वॉचमनच्या हातात वही. पैशाचं दुःख आहेच. पण मला जास्त राग येतो तो या विचाराने, की सेफ्टी ऑफिसरने पानं मागितली नसती तर तो रीडर आजही त्या भिंतीवर असता. धोक्याच्या जागेसाठी माल विकणाऱ्याने अटींची पानं दडवणं मला अपराधासारखं वाटतं.

म्हणून पीओमध्येच लिहा: मागच्या पानांसह पूर्ण प्रमाणपत्र, कंट्रोल ड्रॉइंग (जोडणी कशी आणि कुठल्या मर्यादेत करायची ते दाखवणारं) आणि पेसोच्या (केंद्र सरकारची पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संस्था) मान्यतेची प्रत मिळाल्याशिवाय ऑर्डर पक्की धरू नये. परदेशी प्रमाणपत्र असलं तरी पेसोचं विचारा. २३ अंशांखाली फ्लॅश पॉइंट (पेटण्याइतकी वाफ सुटायला लागते ते तापमान) असलेलं पेट्रोलियम ‘अ’ वर्गात येतं आणि टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट ४ अंशांच्या आसपास आहे. पेट्रोलियम नियम २००२ खाली तुमच्या साठ्याला परवाना लागत असेल तर मान्यतेचा प्रश्न येणारच. सप्लायर पानं देत नसेल तर दुसरा सप्लायर बघा. यात मी तडजोड सुचवणार नाही.

गॅस ग्रुपचं थोडक्यात. नुसतं टोल्युइन असेल तर टू-ए पुरतं (टू-बी आणि टू-सी हे त्याहून सहज पेटणाऱ्या वायूंचे ग्रुप). पण ‘थिनर’ या नावाखाली ड्रममध्ये काय काय येतं ते एमएसडीएस (रसायनाचं सुरक्षा पत्रक) काढून बघा. इथेनॉल असेल तर टू-बी लागतं. मी तर सरळ टू-बी किंवा टू-सीच घ्यायला सांगेन, उद्या पर्चेसने दुसरं थिनर आणलं तर दारावरची वस्तू बदलायला नको.

बॅरियरकडे लोक दुर्लक्ष करतात. २८ व्होल्ट, ३०० ओहम, ९३ मिलिॲम्पिअरचा झेनर बॅरियर (अर्थिंगच्या भरवशावर चालणारा) सगळ्यांच्या स्टोअरमध्ये पडलेला असतो आणि तोच लावायचा मोह होतो. रीडर ६० मिलिॲम्पिअर ओढत असेल तर त्या ३०० ओहमवरच १८ व्होल्ट पडतात. सप्लायच्या २४ व्होल्टमधून उरले ६, त्यातून केबलचा ड्रॉप वेगळा. रीडर कधी चालतो, कधी नाही, आणि दोष कार्डाला दिला जातो. त्यामुळे व्होल्टेज, करंट, पॉवर या तिन्हींत बॅरियर जास्तीत जास्त जे देऊ शकतो ते रीडरला चालणाऱ्या कमाल आकड्याच्या आत आहे ना, आणि त्यातूनही रीडरला चालण्यापुरतं उरतं ना, दोन्ही बघा. केबलची कपॅसिटन्स मिळवायला विसरू नका. आकडा माहीत नसेल तर मीटरला २०० पिकोफॅरड धरतात, म्हणजे १०० मीटरला २० नॅनोफॅरड. वरच्या बॅरियरला टू-सीमध्ये ८३ नॅनोफॅरडच चालतात, त्यातून रीडरची स्वतःची वजा करा. हा हिशोब एका कागदावर, सहीसह, फायलीत हवा. ऑडिटला पहिला तोच मागतात.

आता अर्थिंग. झेनर बॅरियरच्या बसबारपासून मेन अर्थ पॉइंटपर्यंतच्या जोडणीचा रोध १ ओहमच्या आत हवा, तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची एक वायर किंवा दीडच्या दोन. लोक हा १ ओहम अर्थ पिटचा समजतात आणि पिटमध्ये मीठ-कोळसा ओतत बसतात. पिटची काळजी घ्याच, आपल्याकडे खाली काळा पाषाण आणि मुरूम, उन्हाळ्यात पिट सुकतो. पण ती गोष्ट वेगळी. माझं मत विचाराल तर झेनर नकोच, गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (दोन्ही बाजूंत थेट विद्युत जोडणी न ठेवणारा बॅरियर) घ्या. महाग पडतो, पण सुरक्षेसाठी त्या खास अर्थवर अवलंबून राहावं लागत नाही.

रीडर आणि कंट्रोलरमधलं अंतर १५० मीटरच्या पुढे असेल तर वायगँड जोडणीचा रीडर सोडा, लांब अंतराला चालणाऱ्या आरएस-४८५ जोडणीचा घ्या. आयएसची (इन्ट्रिन्सिकली सेफ सर्किटची) केबल निळी ठेवा, पॉवरच्या ट्रेमधून नेऊ नका, पॅनेलमध्ये तिची टर्मिनल्स बाकीच्यांपासून ५० मिलिमीटर लांब. ग्लँडची (केबल आत घेणाऱ्या घट्ट जोडाची) एंट्री खालून घ्या. त्र्यंबकच्या बाजूने येणारा पाऊस पश्चिमेच्या भिंतीवर आडवा बसतो, वरून एंट्री असेल तर श्रावणापर्यंत जंक्शन बॉक्समध्ये पाणी. न वापरलेल्या एंट्रीला प्रमाणित प्लग लावा, प्लॅस्टिकचं बूच चालत नाही. आणि रीडर जोडलेला असताना केबल मेगर करू (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासू) नका. ५०० व्होल्ट त्या सर्किटमध्ये सोडायचे नाहीत, आणि झोनमध्ये मेगर करायचंच असेल तर परमिट काढून, गॅस तपासून.

तुम्ही कुलपाचं काहीच लिहिलेलं नाही, आणि बहुतेक जण तिथेच अडकतात. रीडर आयएस असला तरी मॅग्नेटिक लॉक काही शे मिलिॲम्पिअर ओढतो, तो या बॅरियरवर चालणार नाही. लॉक झोनमध्ये असेल तर त्याचं स्वतःचं ईएक्स (स्फोटाच्या धोक्याच्या जागेसाठीचं) प्रमाणपत्र लागतं, बहुधा कंपाउंडमध्ये भरलेल्या प्रकारचं, आणि त्याची केबल वेगळी. दार उघडं की बंद हे सांगणारा साधा रीड स्विच (चुंबकाने चालणारा) मात्र ‘सिंपल ॲपॅरेटस’ (स्वतःची ऊर्जा नसलेली साधी वस्तू) म्हणून आयएस सर्किटमध्ये जोडता येतो.

आतून बाहेर पडायला कार्डही लागता कामा नये आणि बटणही. आतल्या माणसाने बार ढकलला की दार त्या ढकलण्यानेच, यांत्रिक पद्धतीने उघडलं पाहिजे, वीज असो वा नसो. फायर अलार्मला लॉक सुटायला हवा. आत गॅस झाला तर माणूस खिशात कार्ड शोधत बसणार नाही.

मोबाइलवरून दार उघडणारे रीडर सध्या खूप विकले जातात. तुमच्या दारावर तो नको. एकीकडे ‘मोबाइल आत नेऊ नये’ अशी पाटी आणि दुसरीकडे दारापाशी मोबाइल काढायला लावणारा रीडर, हे बसत नाही. साध्या कार्डात बॅटरी नसते, तेच बरं.

आणि एक विचारायचं राहिलं: रीडर दारालाच का हवाय? बाहेरच्या कुंपणाच्या फाटकापाशी, झोन संपतो त्याच्या पलीकडे लावता येत असेल तर वरचं निम्मं प्रकरण उरतच नाही. दाराच्या उघड्या भागातून झोन बाहेर किती मीटर येतो ते ड्रॉइंगवर दाखवलेलं असतं. आमच्याकडे जागाच नव्हती, तुमच्याकडे असेल तर सोडू नका.

सप्लायरने पाठवलेल्या पानाचा आणि नेमप्लेटचा फोटो इथे टाका, कंपनीचं नाव झाकून. नंबरच्या शेवटी यू आहे की एक्स, आणि टी-ए काय आहे, एवढं दिसलं तरी पुढचं सांगता येईल. दार कुठल्या दिशेला आहे तेही लिहा.