विनोद वगळून ऐकू नका

प्रश्न : टाउन्स व्हॅन झँट या अमेरिकी गीतकार-गायकाच्या मैफलींची जाणकार फार वाखाणणी करतात, मला मात्र त्याचा आवाज अगदी साधा वाटतो. त्यात नेमके काय ऐकावे?

उत्तर : आवाज साधाच आहे, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. ह्यूस्टनमधील ‘ओल्ड क्वार्टर’ या छोट्याशा ठिकाणी जुलै १९७३ मध्ये मुद्रित झालेली आणि १९७७ साली दोन तबकड्यांच्या संचात प्रसिद्ध झालेली मैफल आधी ऐकावी. सुरुवातीच्या स्टुडिओतील तबकड्यांवर वाद्यमेळाच्या भाराखाली त्याचे शब्द दबले, असे मला वाटते; येथे एक गिटार आणि एक गळा एवढेच आहे. गाण्यांच्या मध्ये तो चेहऱ्यावरची रेषाही हलत नसावी अशा सुरात विनोद सांगतो, श्रोते हसतात, आणि ते हसू पुरते ओसरण्याआधीच एखादे उदास गाणे सुरू होते. (घाईत हे विनोद वगळणारे अर्धी मैफल गमावतात.)

‘पाँचो अँड लेफ्टी’ या त्याच्या गाण्यात मित्राने दगा दिला, असे तो कुठेच सरळ म्हणत नाही, एकाचा मृत्यू आणि त्याच दिवशी दुसऱ्याचे निघून जाणे शेजारी ठेवतो, हिशेब आपल्यावर सोडतो. १९८३ मध्ये विली नेल्सन आणि मर्ल हॅगर्ड यांच्या आवाजात हेच गाणे अमेरिकी कंट्री संगीताच्या यादीत अग्रस्थानी पोहोचले. १९९७ मध्ये वारलेल्या मूळ कवीला तशी लोकप्रियता हयातीत कधीच लाभली नाही.