उजव्या हातात डावा ग्लोव्ह

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. पत्र मुद्दाम मराठीत लिहितोय. रविवारच्या मराठी शाळेत आठ वर्षं काढलीस, त्यामुळे अडखळत का होईना वाचशील. शिवाय तुमच्या आइस हॉकीच्या ड्रेसिंग रूममध्ये फोन या हातातून त्या हातात फिरतात, हे मला माहीत आहे. हे पत्र फिरलं तरी तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही.

परवा जेवणं झाल्यावर गॅरेजमध्ये तू हळूच सांगितलंस, "काका, आईला सांगू नका. कॅम्पला बोलावलंय, पण ते म्हणाले, गोल करणारे आमच्याकडे भरपूर आहेत, ग्लोव्हज टाकणारा कुणी नाही." ग्लोव्हज टाकणारा म्हणजे बर्फावर हातमोजे फेकून मारामारी करणारा. सांगताना तुझा चेहरा खुलला होता. त्यात वावगं काही नाही. सोळाव्या वर्षी कुणीतरी म्हणतं, 'तू आम्हाला हवा आहेस', तेव्हा कशासाठी हवा आहेस हे कोण विचारतं? ते मी विचारतो. कॅम्पला बोलावणाऱ्या त्या माणसाने तुझा खेळ पाहिला की तुझी सहा फूट तीन इंच उंची? तुझं मागे स्केटिंग करणं किंवा बॅकहँडवरचा पास, यातल्या एका तरी गोष्टीबद्दल तो बोलला का? तू सांगितलंस त्यात तरी तसं काही नव्हतं.

डेरेक बूगार्ड हे नाव तू ऐकलं असशील. कॅनडातल्या सॅस्कॅचवान प्रांताचा पोरगा, पंधराव्या वर्षीच दांडगा. मेलफर्ट नावाच्या गावातल्या एका सामन्यात तो भडकला आणि थेट प्रतिस्पर्ध्यांच्या बेंचमध्ये घुसून ठोसे मारायला लागला. रिजायना पॅट्स या ज्युनिअर संघाचे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, तेव्हा प्रेक्षकांत होते. त्यांनी त्याचं नाव यादीत घातलं, ते या प्रकारानंतर. पोराला जे कळायचं ते कळलं. पुढे तो एनएचएल या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये २७७ सामने खेळला आणि त्यात त्याचे गोल किती? ३. डिसेंबर २०१० मध्ये ओटावात एका मारामारीत त्याच्या डोक्याला मार बसला, त्यानंतर तो एकही सामना खेळला नाही. १३ मे २०११ रोजी दारू आणि वेदनाशामक गोळ्यांच्या मिश्रणाने तो गेला, तेव्हा तो २८ वर्षांचा होता. बोस्टनच्या डॉक्टरांनी मेंदू तपासला, तर वारंवार मार खाऊन होणारा सीटीई हा आजार त्या वयातच बराच पुढे गेलेला होता. लोक त्याच्या शेवटाबद्दल बोलतात. माझं मन मात्र त्या पंधराव्या वर्षापाशी अडकतं. त्या संध्याकाळी बेंचमध्ये न घुसता त्याने एखादा चांगला पास दिला असता, तर स्काउटांनी वहीत काय लिहिलं असतं?

बरं, भावना सोडू, व्यवहाराचं बोलू. ज्या नोकरीची तुला गळ घालतायत ती नोकरीच उठत चालली आहे. ओएचएल या ऑन्टारिओ प्रांताच्या ज्युनिअर लीगने २०१२ मध्ये नियम केला: मोसमात १० पेक्षा जास्त मारामाऱ्या केल्या की पुढच्या प्रत्येकीला २ सामने बंदी. २०१६ मध्ये तो आकडा १० वरून ३ वर आणला. क्वेबेकच्या लीगमध्ये २०२३ पासून मारामारी केली की त्या सामन्यातून थेट बाहेर. अमेरिकन कॉलेजात तर आधीपासूनच बाहेर, वर पुढचा सामनाही जातो. आणि ज्युनिअर खेळलेल्यांना कॉलेजचं दार आता उघडलंय, २०२५ पासून. तुझी आई त्यावर नजर ठेवून आहे, हे तुलाही माहीत आहे. कॉलेजचा कोच व्हिडिओ मागेल तेव्हा त्याला पेनल्टी बॉक्समधली पाच-पाच मिनिटं दाखवणार आहेस का?

तू लगेच मॅट रेम्पेचं नाव घेशील. ज्युनिअरमध्ये सिएटलकडून खेळला, २०२४ मध्ये उघड्या स्टेडियममधल्या एनएचएल पदार्पणाच्या सामन्यात पहिल्याच शिफ्टला, म्हणजे बर्फावरच्या पहिल्याच पाळीला, मारामारीला भिडला आणि रातोरात स्टार झाला. मान्य. पण पुढच्याच मोसमात त्याला खालच्या लीगमध्ये जाऊन खेळ सुधारायला लागला, आणि डिसेंबरमध्ये एका धडकेपायी ८ सामन्यांची बंदी बसली. मी तुला दुसरा माणूस दाखवतो, आपल्या टोरंटोचाच. टॉम विल्सन. पहिल्या पूर्ण मोसमात ८२ सामने, ३ गोल, १५१ पेनल्टी मिनिटं. तिथंच थांबला असता तर आज त्याचं नावही कुणी घेतलं नसतं. २०२४-२५ मध्ये त्याच माणसाने ३३ गोल केले. अंगावर तो अजूनही तसाच येतो, समोरचे अजूनही दचकतात. फरक एवढाच की आता पकही, म्हणजे खेळायची रबरी चकतीही, त्याच्याकडे असतो.

ही भूमिका निव्वळ मूर्खपणाची होती, असं मी म्हणणार नाही. महान खेळाडू ग्रेट्झकीला कुणी हात लावू नये म्हणून त्याच्या एडमंटन संघाने डेव्ह सेमेन्को हा मारामारी करणारा गडी ठेवला होता, आणि त्याचा उपयोगही होत होता. बारक्या खेळाडूच्या मनगटावर स्टिक मारणाऱ्याला हिशोब चुकवावा लागेल, ही भीती रेफरीच्या शिट्टीपेक्षा जास्त चाले. मलाही ते आवडायचं. सांगलीहून आलेला माणूस मी, हॉकी कळत नव्हती पण भांडण कळत होतं. ग्लोव्हज बर्फावर पडले की मी उभा राहून शिट्ट्या मारायचो.

आता जे सांगतोय ते तुझ्या बाबांनाही ठाऊक नाही.

डिसेंबर २००८ मध्ये डॉन सँडरसन नावाचा २१ वर्षांचा मुलगा, व्हिटबी डनलॉप्सचा, मारामारीत हेल्मेट निघून डोक्यावर आपटला. जवळपास तीन आठवडे बेशुद्ध होता, २ जानेवारीला गेला. ऑन्टारिओतल्या प्रत्येक रिंकवर तेव्हा तोच विषय. मी तेव्हा एका संघाचा ट्रेनर होतो. म्हणजे बेंचवर पाण्याच्या बाटल्या, टेप आणि प्रथमोपचाराची पेटी सांभाळणाऱ्या बाप्यांपैकी एक, दोन शनिवारांचं प्रशिक्षण घेतलेला. त्याच फेब्रुवारीत आमचा एक पोरगा, चौदाचा, कोपऱ्यात धडकेने काचेवर आपटला. स्वतःच उठला, बेंचवर आला. "बरा आहेस?" "हो." मग तो ग्लोव्ह घालायला लागला. डावा ग्लोव्ह उजव्या हातात. अंगठा बसत नव्हता, तरी तो ढकलतच होता, शांतपणे, जणू ग्लोव्हच लहान झालाय. मी हसलो. म्हणालो, "अरे, दुसरा!" आणि काढून नीट घालून दिला. दोन-दोन बरोबरी होती. पुढच्या शिफ्टला तो पुन्हा बर्फावर होता.

सोमवारी त्याच्या आईचा फोन आला. धड्यातली एकच ओळ तो पुन्हा पुन्हा वाचत होता, उजेड सहन होत नव्हता. चार महिने शाळा बुडाली. आज तो ठीक आहे, लग्न झालंय. पण तेव्हा दुसरी धडक बसली असती तर? २०१३ मध्ये ओटावाची रोवन स्ट्रिंगर, १७ वर्षांची, रग्बी खेळताना अशीच गेली: आधीचा मार भरला नव्हता आणि त्यावर दुसरा बसला. तिच्या नावाचा कायदा ऑन्टारिओत २०१८ ला झाला. शंका आली की खेळाडू बाहेर, हे आता बंधनकारक आहे. पण बेंचवरच्या माणसाला शंका यावी लागते ना. मला आली नव्हती. मला तो पोरगा टफ वाटला होता.

म्हणून तू 'टफ' म्हणालास की मला तो ग्लोव्ह दिसतो.

तुला टफ व्हायचंय ना, मग कोपऱ्यात हो. पक बोर्डाला लागून पडलाय, मागून डिफेन्समन येतोय. पक गाठायच्या आधी एकदा खांद्यावरून मागे बघ. तू बघत नाहीस, तुझी नजर पकवरच खिळते. मग सरळ काचेवर जाऊ नकोस, तिरका जा, गुडघे वाकव, पाठ त्याच्याकडे आणि पक लांबच्या पायाशी. एक तर बोर्डाला चिकटून राहा नाही तर पूर्ण दूर. मधले तीन-चार फूट सगळ्यात वाईट, तिथंच माना मोडतात. धक्का येणार आहे हे माहीत असूनही पास पूर्ण करायचा आणि मग धक्का खायचा. टीव्हीवर हे कुणी पुन्हा पुन्हा दाखवत नाही, पण कोच लोक वहीत टिपतात. तिसऱ्या पिरियडमध्ये एका गोलची आघाडी असताना पेनल्टी किलला, म्हणजे आपला गडी शिक्षेने बाहेर असताना बचावाला, कुणाला पाठवायचं, ते त्या वहीवरून ठरतं.

कॅम्पमध्ये कुणी ना कुणी तुला डिवचणारच. नव्या उंच पोराला डिवचतातच. स्टिकने पोटरीवर टोचतील, आई-बापाच्या रंगावरूनही बोलतील. ते ऐकू आलं तर कोचला आणि मला सांग, गिळून बसू नकोस. अंगावर आलाच कुणी, तर दोन्ही हातांनी त्याच्या बाह्या धर, जवळ ओढ, हनुवटी छातीशी, लाइन्समन, म्हणजे साहाय्यक पंच, येईपर्यंत धरून ठेव. हेल्मेटचा पट्टा ढिला ठेवायची फॅशन तुमच्यात आहे, ती माझ्यासमोर तरी चालणार नाही.

आणि त्या साहेबांनी पुन्हा विचारलं तर एवढंच म्हण, "मी पेनल्टी किलला खेळतो, नेटसमोर उभा राहतो, तिथून मला कुणी हलवू शकत नाही. ते हवं असेल तर मी आहे." आवाज चढवू नकोस. ते नको म्हणाले तर गाडीत बसून घरी ये. दुसरे संघ आहेत.

शनिवारी सकाळी सहाला रिंकवर ये, बर्फ तासभर मिळालाय. स्केट्सना धार लावून आण, मागच्या वेळी डावा घसरत होता. पक मी आणतो, आणि थर्मासमध्ये चहा. आईला मात्र तू स्वतःच सांग, शनिवारच्या आधी.

तुझा,
काका