मुलाला पळायला लावावे का?

प्रश्न : आमच्या दहा वर्षांच्या मुलाच्या लठ्ठपणासाठी डॉक्टरांनी संपूर्ण कुटुंबाने सहभागी व्हावे असे उपचार सुचवले आहेत. रोज पळायला पाठवले की तो रडतो. सक्ती करावी का?

उत्तर : सक्ती मुळीच करू नका. जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वर्षे वयासाठी दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल सुचवली आहे. मात्र ती एका दमात पूर्ण करावी लागत नाही, आणि भरभर चालणे, सायकल, पकडापकडी हे सारे तीत धरले जाते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लेनर्ड एपस्टाइन व सहकाऱ्यांच्या १९९५ मधील अभ्यासात, बैठा वेळ कमी केल्याबद्दल ज्या मुलांना शाबासकी मिळाली, त्यांचे अतिरिक्त वजन व्यायामाबद्दल शाबासकी मिळालेल्या मुलांपेक्षा वर्षभरात अधिक घटले. म्हणून आधी पडद्यासमोरचा वेळ कमी करा आणि त्या वेळात काय खेळायचे, हे त्यालाच ठरवू द्या. तुम्ही दोघांनी त्याच्यासोबत खेळणे हा या उपचाराचा गाभा आहे, कारण एकट्याला पाठवलेल्या मुलाला, माझ्या मते, तो व्यायाम शिक्षाच वाटतो. केवळ हालचालीने वजन फारसे उतरत नाही. आहारातील बदलही घरातील सर्वांनी करावा. खेळताना छातीत दुखले किंवा गुडघे, कंबर दुखू लागली, तर डॉक्टरांना अवश्य दाखवा.