जंत, जंतू आणि मधला उकार

नाशिकच्या पंचवटीतल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे : 10 फेब्रुवारीसाठी फलकावर 'राष्ट्रीय जंतुनाशक दिन' लिहिलं, तर मुख्याध्यापकांनी उकार पुसला. दोन्ही शब्दांचं मूळ एकच, मग बिघडलं कुठे? शिवाय क्रिप्टोस्पोरिडियम या जुलाब घडवणाऱ्या सूक्ष्मजीवाच्या 'व्हिर्युलंट स्ट्रेन'ला मराठीत काय म्हणावं?

मुख्याध्यापकांचंच बरोबर. संस्कृत 'जन्तु' म्हणजे जन्माला आलेला कुठलाही जीव. मराठीत उकार झडला तो जंत : पोटात होणारा, शौचातून पडला की डोळ्यांना दिसणारा. उकार टिकला तो जंतू, सूक्ष्मदर्शकाखालचा. (सुटा लिहिताना दीर्घ, समासात ऱ्हस्व.) जंतनाशक म्हणजे मुलांनी चावून खायची अल्बेंडाझोलची गोळी. जंतुनाशक म्हणजे फरशी पुसायचं फिनेल! शाळेच्या फलकावर हा उकार पुसायलाच हवा होता.

जुना शब्द कृमी. आमची आजी भद्रकालीतून वावडिंग आणायची, मिऱ्याएवढे तांबूस दाणे, आणि बाळाच्या दुधात उकळायची. वावडिंग म्हणजे विडंग. चरकसंहितेत ते कृमिघ्नांत, म्हणजे कृमी मारणाऱ्या औषधांत, श्रेष्ठ मानलंय.

क्रिप्टोस्पोरिडियम मात्र जंत नव्हे. तो एकपेशीय, मलेरियाच्या परजीवीच्या गोतातला. त्याचं कवच 4 ते 6 मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पण क्लोरीनला दाद देत नाही. 1993 मध्ये अमेरिकेतल्या मिल्वॉकी शहरात नळाच्या पाण्यातून सुमारे 4 लाख लोक आजारी पडले. त्याला जंत म्हटलं तर आई म्हणेल, 'गोळी दिलीय की शाळेत.' ती गोळी यावर चालत नाही. म्हणून परजीवी म्हणा. शास्त्राच्या पुस्तकात आदिजीव.

'स्ट्रेन'ला माझा कौल 'वाण'ला. नाशिककराला द्राक्षाचा वाण समजावून सांगावा लागत नाही. आणि इथे तो शब्द नेमका बसतो : एकाच आतड्यात या परजीवीचे दोन वाण शिरले, की नर-मादी पेशींच्या मीलनातून जनुकांची सरमिसळ होते आणि नवा वाण निपजतो. हा संकरच. वासरांत सापडणाऱ्या प्रजातीची एक शाखा तर माणसात अशी रुळलीय, की आता माणसाकडून माणसाकडेच पसरते.

'व्हिर्युलंट'ला 'विषारी' नको. विष सापाला असतं. इथे सांगायचं आहे ते आजाराचा जोर किती. त्याला 'जहाल' पुरतो. जहाल वाण.